फुटबॉलचं वर्ष बघायला सुरुवात करताय? मग हे ऐका

सगळंच बघायला जाऊ नका, महिन्याभरात दमाल. आधी एक क्लब आणि एक देश धरा. युरोपातला क्लबांचा हंगाम साधारण ऑगस्ट ते मे चालतो. मधे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये लीग थांबतात नि खेळाडू आपापल्या देशाकडून खेळतात. नवख्यांना हा खंड कंटाळवाणा वाटतो, पण पात्रता फेरीतले सामने मला फार प्रिय आहेत.

कसं बघायचं ते कळायला २०२४ साल घ्या. जानेवारीत आफ्रिकन करंडकात यजमान आयव्हरी कोस्ट गटात इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ हरला, प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं, संघ तिसऱ्या क्रमांकावरून कसाबसा बाद फेरीत पोहोचला. आणि फेब्रुवारीत नायजेरियाला २-१ हरवून तोच विजेता ठरला! फक्त युरोप बघणाऱ्यांचं हे सगळं हुकलं. म्हणून हिवाळ्यात आफ्रिका आणि आशियाच्या स्पर्धा सोडू नकाच.

मे महिन्यात लेव्हरकुसेन या जर्मन क्लबनं बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगचे, ३४ सामने एकही न हरता संपवले. जुलैत स्पेननं युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि अर्जेंटिनानं कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची) जिंकली.

चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचं, २०२४ पासूनचं नवं स्वरूप मात्र समजून घ्या. ३६ संघ, एकच गुणतक्ता, प्रत्येकी ८ सामने. पहिले ८ थेट उपउपांत्यपूर्व फेरीत (शेवटचे १६ संघ), ९ ते २४ उरलेल्या जागांसाठी प्लेऑफमध्ये. त्यामुळे या ८ सामन्यांच्या टप्प्याच्या शेवटच्या रात्री सगळे सामने एकाच वेळी सुरू असताना तक्ता उघडा ठेवा. एका गोलानं चार-पाच संघांच्या जागा बदलतात.