अंगारा आणि गोळी

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या यजमानांना नैराश्य असल्याचे सांगून बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांत ते पुन्हा शेतावर जाऊ लागले. मात्र सासूबाई त्यांना एका देवर्ष्याकडे घेऊन गेल्या. 'हे बाहेरचे आहे, गोळ्या सोडल्याशिवाय अंगारा लागू पडणार नाही,' असे त्याने सांगितल्यावर त्यांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या. आता त्यांना गरगरते, झोप लागत नाही, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे होते. करणी उलटते आहे, असे घरचे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : नैराश्यावरील काही गोळ्या अचानक तोडल्या की दोन-चार दिवसांत नेमका असाच त्रास सुरू होऊ शकतो, मेंदूला सवय झालेले औषध एकदम काढून घेतल्याची ती प्रतिक्रिया असते. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, परंतु त्या बंद करायच्या झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवूनच करायच्या असतात. त्यामुळे उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू न करता यजमानांना लगेच त्याच डॉक्टरांकडे न्यावे आणि गोळ्या कोणत्या दिवशी बंद केल्या ते सांगावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्यांच्या तोंडी आली, तर त्यांना एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे.

अधिक धोका पुढे आहे. हा त्रास काही दिवसांनी ओसरतो, तेव्हा श्रेय अंगाऱ्याला मिळते. आणि मूळ आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परतला, तर त्याचा संबंध सोडलेल्या गोळ्यांशी कोणी जोडत नाही. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, हे घरात फारसे कोणाला ठाऊक नसते.

सासूबाईंशी वाद घालू नये. सौंदत्तीच्या यल्लम्माला नारळ फोडल्याने किंवा कपाळी भंडारा लावल्याने औषधाला कोणतीही बाधा येत नाही. आक्षेप आहे तो गोळी सोडायला लावणाऱ्या देवर्ष्यावर, आणि तो नि:संदिग्ध आहे. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत न्यावे, त्यांच्या शंका त्यांनीच डॉक्टरांना विचाराव्यात. सांजवातीनंतर गोळी त्यांच्याच हातून देता येईल का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. तोवर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) नि:शुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.