वाचकांचे प्रश्न : सोनतळचा राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा?

'सोनतळ' हा आमच्या नागरिकशास्त्राच्या पानावरचा काल्पनिक देश. तीन प्रांत, एक राष्ट्रसभा, आणि राष्ट्राध्यक्ष निवडायची रीत मात्र वाचकांनी ठरवायची. हा खेळ वर्गात घेऊ पाहणाऱ्यांचे काही प्रश्न आणि आमची उत्तरं.

आठवी-नववीची मिळून १२० मुलं आहेत, उमेदवार चार. ज्याला जास्त मतं तो राष्ट्राध्यक्ष, असं सरळ केलं तर काय बिघडतं? – एक शिक्षिका, कोथरूड

करून बघा, पण पत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहून घ्या आणि त्याच पत्रिका आणखी दोन रीतींनी मोजा. खरी गंमत त्यात आहे. समजा पहिल्या पसंतीची मतं अशी पडली : अ ४५, ब ३२, क २८, ड १५. सरळ रीतीने अ जिंकला. १२० पैकी ७५ जणांची पहिली पसंती त्याला नव्हती, तरीही.

आता फ्रान्ससारख्या दोन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून फक्त अ आणि ब दुसऱ्या फेरीत जातात. क-ची २८ मतं ब-कडे २० आणि अ-कडे ८ अशी गेली, ड-ची १५ ब-कडे ९ आणि अ-कडे ६, तर ब ६१, अ ५९. जिंकला ब.

तिसरी रीत पसंतीक्रमाची. सगळ्यात मागचा ड आधी बाद. त्याच्या १५ पत्रिकांवर दुसरी पसंती क-ला ११, अ-ला ३, ब-ला १. आता अ ४८, क ३९, ब ३३. म्हणजे ब बाद. त्याच्या ३३ पैकी २४ क-कडे, ६ अ-कडे, तिघांनी पुढे काहीच लिहिलेलं नाही. क ६३, अ ५४. जिंकला क!

मतदार तेच, त्यांची मनं तीच, राष्ट्राध्यक्ष तीन. मुलांना हे फळ्यावर मांडून दाखवलंत तर 'लोकांचा कौल' हा शब्द ती पुढे जपून वापरतील. फ्रान्समध्ये २००२ साली १६ उमेदवार उभे होते. मतं इतकी विखुरली की शिराक १९.८८ टक्क्यांवर पहिले आले, ल पेन १६.८६ टक्क्यांवर दुसरे, आणि जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर बाहेर. दुसऱ्या फेरीत शिराक यांना ८२ टक्क्यांहून जास्त मतं पडली.

आमचं मत विचाराल तर शाळेत पसंतीक्रमच घ्या. दोन फेऱ्यांसाठी मुलांना दोनदा जमवावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी गैरहजेरी वाढली की निकाल गैरहजर मुलंच ठरवतात.

पसंतीक्रमाची मोजणी केली. प्रत्येक फेरीत बेरीज कमी भरत गेली आणि शेवटी भांडणं झाली. कुठे चुकलं असेल? – एक वर्गशिक्षक, बिबवेवाडी

बहुधा तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे संपलेल्या पत्रिका. ज्या पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही ती कुणाकडे जात नाही, पण ती नाहीशीही होत नाही. तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. वरच्या उदाहरणात शेवटच्या फेरीत ६३ + ५४ + ३ = १२० होतात. दर फेरीला ही बेरीज जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी चूक अगदी हमखास होते. ब बाद झाला, त्याच्या गठ्ठ्यातली पत्रिका उचलली, तर दुसरी पसंती ड-ला. ड तर आधीच बाहेर. मोजणारा ती पत्रिका 'संपली' म्हणून बाजूला टाकतो. वास्तविक तिच्यावरची तिसरी पसंती बघायची असते. पत्रिका नेहमी शिल्लक असलेल्या पुढच्या उमेदवाराकडे जाते.

तिसरं, कोटा. पहिल्या फेरीतल्या वैध मतांचे निम्मे अधिक एक, म्हणजे १२० ला ६१. काही पत्रिका संपल्या म्हणून कोटा पुन्हा काढायचा नाही. शेवटच्या दोघांतल्या कुणालाच तो गाठता आला नाही, तर कमी मतांचा बाद होतो आणि उरलेला विजयी.

क्रम असा ठेवा. पेटी उघडल्यावर पत्रिका पालथ्या ठेवून नुसत्या मोजा आणि सह्यांच्या यादीशी आकडा ताडून बघा. मग बाद पत्रिका काढा, मग पहिल्या पसंतीनुसार ढीग लावा, २५-२५ चे गठ्ठे करून रबर आणि चिठ्ठी. फेरीत फक्त बाद झालेल्याचाच ढीग सोडायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सगळ्यात मागे दोघं सारखे असतील तर ज्याला मुळात पहिल्या पसंतीची मतं कमी तो बाद. तिथेही बरोबरी झाली तर चिठ्ठी टाका. हा नियम मतदानाच्या आधी वाचून दाखवा, नंतर सांगितलात तर कुणी ऐकणार नाही.

कोणती पत्रिका बाद धरायची? – तेच

आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे निकष उचला. १ हा आकडा कुठेच नसेल, दोघांपुढे असेल, किंवा एकाच उमेदवारापुढे १ आणि आणखी एखादा आकडा असेल तर पत्रिका बाद. मतदार ओळखू येईल अशी खूण, सही असेल तरीही बाद. पसंती आकड्यातच हवी. देवनागरी १ चालतो, अक्षरी 'एक' चालत नाही. फक्त पहिली पसंती सक्तीची, पुढच्या ऐच्छिक. मुलांच्या घाईच्या अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात, तेव्हा उमेदवार नऊ होऊ देऊ नका. आणि आमदार-खासदारही चुकतात बरं का : २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली होती.

सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या, म्हणजे शाईवरून मतदार ओळखता येत नाही. खऱ्या निवडणुकीतही आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहावं लागतं. बोटाला लावायच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. शाळेत त्याच्या वाटेला जाऊ नये, साधं स्केचपेन पुरे.

सोनतळचे प्रांत लहानमोठे आहेत. भारतासारखं मतमूल्य काढता येईल का? – अकरावीचा विद्यार्थी, भोर

येईल, आणि भागाकाराचा सरावही होईल. मतमूल्य म्हणजे एका प्रतिनिधीचं मत मोजणीत किती मतांचं धरायचं तो आकडा. आपल्याकडे राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यसंख्येने भागतात, मग १००० ने. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवतात. महाराष्ट्र : ५,०४,१२,२३५ भागिले २८८, भागिले १०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं.

सोनतळसाठी : डोंगरपट्टा ६,००,००० लोक, २० प्रतिनिधी, मूल्य ३०. मध्यपठार २४,५०,००० आणि ४०, भागाकार ६१.२५, मूल्य ६१. किनारा ९,३०,००० आणि २०. इथे बाकी नेमकी ५०० उरते, म्हणून ४७. तिन्ही प्रांतांची बेरीज ६०० + २,४४० + ९४० = ३,९८०. राष्ट्रसभेत ५० सदस्य असतील तर ३,९८० ला ५० ने भागा : ७९.६, म्हणजे प्रत्येकाचं मत ८० चं. २०२२ मध्ये आपल्या खासदाराचं मत याच हिशेबाने ७०० चं आलं.

विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नसतं. पुणे पदवीधर किंवा पुणे शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले आमदारही त्यात आले. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास फसवतो.

थेट जनतेकडून निवड करायची, पण एकट्या मध्यपठाराच्या जिवावर कुणी जिंकू नये असं वाटत असेल, तर केनियाची अट घ्या : निम्म्याहून जास्त मतं, शिवाय ४७ पैकी किमान २४ परगण्यांत प्रत्येकी २५ टक्के. तुमच्याकडे 'तीनपैकी दोन प्रांतांत २५ टक्के' एवढं पुरे.

दुसऱ्या पसंतीने निकाल खरोखर ठरतो का, की नुसता कागदी नियम आहे? – एक वाचक, सदाशिव पेठ

ठरतो, क्वचित. आयर्लंडमध्ये १९९० साली मेरी रॉबिन्सन पहिल्या मोजणीत मागे होत्या, पण तिसऱ्या उमेदवाराच्या पत्रिका वाटल्यावर त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. श्रीलंकेत २०२४ मध्ये पहिल्यांदाच पुढच्या पसंतीची मतं मोजावी लागली; आघाडीवरचे दिसानायकेच जिंकले.

आपल्याकडे हे झालं १९६९ साली. पहिल्या मोजणीत गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८, आणि तिसरे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९. देशमुखांच्या पत्रिका वाटल्या तेव्हा बराच मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. कोट्याच्या वर जेमतेम १,९०८. या दोन आकड्यांची बेरीज एकूण वैध ८,३६,३३७ पेक्षा १०,८३३ ने कमी भरते. बिबवेवाडीच्या सरांनी ती 'संपलेल्या' रकान्यात लिहावी.