प्रसूतीत टाके पडल्यापासून शौचावर ताबा नाही. हे बरं होतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ सात महिन्यांचं झालं, प्रसूतीत चिमटा लावला होता, बरेच टाके पडले. आता संडासची घाई लागली की पोहोचेपर्यंत थांबवता येत नाही, गॅसही सुटतो, आणि घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी याच त्रासावर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. बहुतेक जणींना उपचारांनी चांगला फरक पडतो. अंगावर काढू नका.

गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात. आतला आपोआप मिटलेला राहतो, बाहेरचा आपण आवळतो. घाई थोपवता न येणं हे बहुधा बाहेरच्याचं दुखणं, आणि चिमट्याच्या प्रसूतीत तो फाटण्याचा धोका जास्त असतो. डिस्चार्ज कार्डवर 'थर्ड' किंवा 'फोर्थ डिग्री टेअर' (म्हणजे या स्नायूंपर्यंत गेलेली फाट) लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदद्वाराच्या) सर्जनना दाखवा. गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत स्नायू फाटलाय की नुसता ढिला पडलाय हे दिसतं. तिथे नुसतं "पोट बिघडतं" म्हणू नका, नाहीतर जुलाब थांबवायच्या गोळ्या घेऊन परत याल. "टाके पडल्यापासून शी थांबवता येत नाही" असंच सांगा. योनीमार्गातून गॅस किंवा शी येत असेल तर तेही सांगा. तो फिस्तुला, म्हणजे योनी आणि गुदमार्गाच्या मध्ये पडलेलं भोक, असू शकतो आणि तो व्यायामाने बरा होत नाही.

व्यायाम असा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा. चारचौघांत गॅस रोखतो तसं गुदद्वार आवळून आत, वर ओढा. पाच सेकंद धरा, मग पूर्ण सैल सोडा. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी श्वास कोंडून कुल्ले दाबतात, काही तर चक्क खाली जोर लावतात; त्याने नुकसानच होतं. पोटावर हात ठेवून बघा, श्वास चालू राहिला पाहिजे. जमतंय की नाही कळत नसेल तर बायोफीडबॅक घ्या: बोटाएवढा सेन्सर आत ठेवतात, बरोबर आवळलं की पडद्यावरची रेषा वर चढते. ती रेषा पहिल्यांदा चढते तेव्हा समोरच्या बाईचा चेहराच बदलतो.

पातळ शी रोखणं सगळ्यात अवघड. इसबगोलने ती बांधून येते. चहा-कॉफी कमी करा, पण भीतीपोटी उपाशी राहू नका, तुम्ही बाळाला पाजताय. लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. जुनं बद्धकोष्ठ असेल तर अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ पाझरतं, आणि तेव्हा हे औषध उलटं पडतं.

एवढ्याने भागलं नाही तर फाटलेला स्नायू शिवण्याची शस्त्रक्रिया आहे, माकडहाडाच्या वरच्या नसांना सौम्य विद्युत चेतना देणारं, खर्चिक पण उपयोगी यंत्रही आहे. शौचातून रक्त पडलं तर लवकर दाखवा. जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी.

आणि पुन्हा दिवस राहिले तर हा त्रास पहिल्याच तपासणीत सांगा, म्हणजे नॉर्मल की सिझेरियन हे आधीच ठरवता येईल.