क्लीनर टाकण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

साखळीहून एक शिक्षिका विचारतात: लॅपटॉप सुरू होऊन वापरण्याजोगा व्हायला दहा मिनिटं लागतात. रॅम 4 जीबी, साधी हार्ड डिस्क. मोफत क्लीनर टाकला, तर त्याने रजिस्ट्रीत (विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंग्ज जिथे नोंदवल्या जातात तिथे) हजारावर चुका दाखवल्या आणि आता दुरुस्तीचे पैसे मागतोय. भरू का?

मुळीच नको. उलट तो क्लीनर आजच काढून टाका. ज्यांना तो ‘चुका’ म्हणतो, त्या बहुतेक काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या मागे राहिलेल्या नोंदी असतात. त्यांनी मशीन मंदावत नाही. पण भलतीच नोंद उडाली, तर चालता प्रोग्राम बंद पडू शकतो. रजिस्ट्री क्लीनर वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. नावाजलेला क्लीनर घेतला म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. 2017 मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोचली होती.

दुखणं कुठे आहे ते विंडोजच दाखवतं. मशीन सुरू होताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘डिस्क’चा रकाना बघा. तो बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकून राहिला (तुमच्या वर्णनावरून तसंच दिसतं), तर खर्च सॉफ्टवेअरवर नव्हे, एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) करा. जुनी फिरती डिस्क बदलली की फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. रॅम वाढवायची सोय असेल, तर त्याच वेळी 8 जीबी करून घ्या. तोवर टास्क मॅनेजरमधल्याच ‘स्टार्टअप’ पानावर व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स, प्रिंटरचे मदतनीस वगैरे डिसेबल करा. अँटिव्हायरस आणि टचपॅडच्या ओळींना हात लावू नका.

फोंड्याहून एक वाचक: जत्रेतल्या नाटकांची रेकॉर्डिंग मी डी ड्राइव्हवर ठेवतो आणि तिथेच एडिट करतो. तरी सी ड्राइव्ह भरून लाल झालाय. कशाने?

विझट्री घ्या. घरगुती वापराला फुकट आहे, आणि कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते काही सेकंदांत मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून दाखवतं. माझा पहिला संशय एडिटिंग प्रोग्रामच्या कॅशवर, म्हणजे काम भरभर व्हावं म्हणून तो साठवतो त्या तात्पुरत्या फाइल्सवर आहे. फुटेज डीवर असलं, तरी बरेच प्रोग्राम कॅश सीवरच साठवतात. प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिची जागा बदला, मग जुनी कॅश तिथूनच पुसा. बाकीचा कचरा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’खाली ‘टेम्पररी फाइल्स’मधून काढता येतो. तिथे ‘डाउनलोड्स’वर खूण नाही ना, हे बघूनच पुढचं बटण दाबा. विंडोज फोल्डरमधलं मात्र हाताने काहीही उडवू नका.

आणखी एक: कुठलंही सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. इतर साइटवरच्या मोठ्या हिरव्या डाउनलोड बटणाखाली बहुधा दुसरंच काही असतं.

मांद्र्याहून गेस्ट हाउस चालवणाऱ्या एक बाई: सकाळी लॅपटॉप ठीक चालतो, दुपारी पंखा घोंघावतो आणि बुकिंगचं पान सरकत नाही. रॅम बूस्टरनेही फरक पडला नाही.

पडणारही नाही. रॅम बूस्टर चालू प्रोग्रामचा डेटा रॅममधून डिस्कवर ढकलतो. आकडा छान दिसतो, पण तोच डेटा लगेच परत आणावा लागतो. तुमचं लक्षण तापण्याचं आहे. एचडब्ल्यूमॉनिटर टाका आणि दुपारी प्रोसेसरचं तापमान बघा. ते 95 अंशांच्या आसपास राहत असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतोय. धूळ, किनाऱ्यावरची खारी दमट हवा आणि चादरीवर ठेवलेला लॅपटॉप, तिन्हींचा त्रास पंख्याला होतो. जाणकाराकडून पंखा साफ करून घ्या, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्टही बदलायला सांगा. लॅपटॉप टेबलावरच वापरा.

मडगावहून एक विद्यार्थी: विंडोज 10 वर दोन अँटिव्हायरस ठेवले तर जास्त सुरक्षित का?

नाही. प्रत्येक फाइल दोघं तपासतात, मशीन रखडतं आणि एकमेकांच्या आड येतात ते वेगळंच. विंडोजचा डिफेंडर पुरतो. तुझी खरी चिंता वेगळी आहे: विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन विंडोज 11 घेत असेल, तर तिकडे जा.

डिचोलीहून एक वाचक: पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करायची. तेव्हापासून डेस्कटॉप अडकतो, डिस्कमधून टकटक ऐकू येते. आजोबांच्या हस्तलिखित नाटकांची स्कॅन त्यातच आहेत. कोणतं युटिलिटी सॉफ्टवेअर चालवू?

आधी कोणतंही नाही. बाहेरची डिस्क आणा आणि ती स्कॅन आजच उतरवून घ्या. बाकीच्या फाइल्स नंतर. डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणारं) आणि चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधणारं) दोन्ही आत्ता टाळा, कारण मरणाला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतात आणि त्यातच ती जाऊ शकते. कॉपी झाल्यावर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं, किंवा डिस्कचे खराब भाग मोजणाऱ्या 05 आणि सी5 या ओळींत ‘रॉ’ रकान्यातला आकडा शून्यापेक्षा जास्त असला, तर डिस्क बदला. ‘गुड’ दिसलं तरी टकटक करणाऱ्या डिस्कवर भरवसा ठेवू नका. नव्या डिस्कसोबत यूपीएसही घ्या.

कॉपी मध्येच अडकू लागली, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे डिस्क न्या. दुकानात कुणी ‘विंडोज नव्याने टाकून देतो’ म्हणालं, तर त्या डिस्कवर टाकू देऊ नका.