बदली झाली, तरी ॲड्रेस बुकमध्ये जुनेच पद का दिसते?

प्रश्न : मी एका खासगी कंपनीच्या पुणे कार्यालयात मनुष्यबळ विभागात काम करते. गेल्या महिन्यात नागपूर शाखेतील सहा जणांची आमच्याकडे बदली झाली. त्यांचे विभाग, पदनामे आणि एक्स्टेंशन नंबर आयटी विभागाने सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास बदलले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मंगळवारी दुपारी नवी माहिती दिसू लागली. माझ्या आउटलुकमध्ये मात्र बुधवारी सकाळपर्यंत जुनीच माहिती होती. ‘आमच्याकडून काम झाले आहे’ एवढेच आयटी विभाग सांगतो. माझ्या संगणकात काही बिघाड आहे का? आउटलुक काढून पुन्हा इन्स्टॉल करावे का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून आपल्या संगणकात बिघाड दिसत नाही, आणि आउटलुक पुन्हा इन्स्टॉल करण्याचे तर काहीच कारण नाही. आयटी विभाग म्हणतो तेही बहुधा खरेच आहे. अडचण अशी, की सर्व्हरवर केलेला बदल आपल्या पडद्यापर्यंत येताना वेगवेगळ्या वेळापत्रकांवर चालणाऱ्या टप्प्यांतून जातो आणि त्यांची कल्पना आपल्याला कोणी दिलेली नसते.

कार्यालयातील आउटलुक बहुतेक वेळा ‘कॅश्ड एक्स्चेंज मोड’ या पद्धतीने चालवले जाते. ही सोय आउटलुक २००३ पासून आली. या पद्धतीत आपल्या मेलची, आणि त्याबरोबर कंपनीच्या संपूर्ण ॲड्रेस बुकची, एक प्रत आपल्याच संगणकावर ठेवली जाते. ॲड्रेस बुकच्या या प्रतीला ‘ऑफलाइन ॲड्रेस बुक’ म्हणतात. आपण एखादे नाव शोधता तेव्हा आउटलुक प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारायला जात नाही, ते ही प्रत वाचते. त्यामुळे शोध झटकन होतो आणि नेटवर्क नसतानाही पत्ता सापडतो. पण प्रत जितकी जुनी, तितकीच माहितीही जुनी.

आता आपलाच सोमवार घेऊ. एक्स्चेंज सर्व्हर, म्हणजे कंपनीचा मेल सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर, ही प्रत ठरावीक अंतराने नव्याने तयार करतो. एक्स्चेंज २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ते काम मूळ रचनेनुसार दिवसातून एकदा, पहाटे पाच वाजता होत असे. एक्स्चेंज २०१३ पासून ते दर ८ तासांनी होते. म्हणजे सकाळी दहाला केलेला बदल सर्व्हरवरील नव्या प्रतीत येण्यास संध्याकाळचे सहाही वाजू शकतात. दुसरीकडे, आपले आउटलुक मागच्या यशस्वी डाउनलोडनंतर २४ तासांनीच पुन्हा नवी प्रत आणते. समजा, आपल्या संगणकाचे डाउनलोड रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास होते. सोमवारी साडेपाचला जी प्रत उतरली, तिच्यात बदल नव्हता. मंगळवारी पुढचे डाउनलोड साडेपाचला व्हायचे होते, पण त्याआधीच आपण लॅपटॉप बंद करून घरी निघाला असाल, तर ते राहिले. आउटलुक उघडे असल्याशिवाय ते होत नाही. मग ते बुधवारी सकाळी झाले. आपल्या सहकाऱ्याची वेळ मंगळवारी दुपारची असेल, तर त्यांना नवी माहिती आधी दिसणे अगदी स्वाभाविक आहे. यात कोणाचाही दोष नाही.

पुढच्या वेळी असे झाले, तर काहीही बदलण्याआधी ब्राउझरमधून कंपनीचा मेल उघडून तेच नाव शोधून पाहावे. ब्राउझरमधील मेल संगणकावरची प्रत वापरत नाही, तो सर्व्हरवरील यादीच वाचतो. तेथे नवी माहिती दिसली, तर सर्व्हरवरील नोंद योग्य आहे आणि प्रश्न फक्त प्रत पोहोचण्याचा आहे. तेथेही जुनीच माहिती असेल, तर आपल्या संगणकावर काहीही केले तरी उपयोग होणार नाही. मूळ नोंद बदलली आहे का आणि ती सगळीकडे पोहोचली आहे का, हे आयटी विभागानेच पाहायला हवे. तिकडेही वेळ जातो. कंपनीची मूळ यादी स्वतःच्या सर्व्हरवर आणि मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल, तर दोन्हींचा मेळ घालणारे सॉफ्टवेअर मूळ रचनेनुसार दर ३० मिनिटांनी चालते. वेगवेगळ्या शहरांतील ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कर्मचाऱ्यांच्या खात्यांची मूळ यादी) सर्व्हरमधील देवाणघेवाण तर मूळ रचनेत १८० मिनिटांनी होते. नागपूरच्या सर्व्हरवर केलेला बदल पुण्याच्या सर्व्हरला त्याच क्षणी कळतो, असे गृहीत धरू नये. मला या चाचणीचे महत्त्व फार वाटते, कारण एका मिनिटात ती प्रश्नाचे दोन भाग करते आणि आपण व आयटी विभाग यांच्यातील निष्फळ वाद टाळते.

एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. आउटलुकमध्ये एखाद्याच्या नावावर क्लिक केल्यास फोन नंबर जुना, पण वरिष्ठाचे नाव मात्र नवे, असे कधी कधी दिसते. वरिष्ठ कोण आणि हाताखाली कोण, यांसारखी काही माहिती कॅश्ड मोडमध्येही आउटलुक थेट सर्व्हरकडून आणते. म्हणून एकाच व्यक्तीची माहिती अर्धी नवी आणि अर्धी जुनी दिसू शकते.

प्रत हाताने आणायची असेल, तर आउटलुकमध्ये ‘सेंड/रिसीव्ह’ टॅबवर जाऊन ‘सेंड/रिसीव्ह ग्रुप्स’ उघडावे आणि ‘डाउनलोड ॲड्रेस बुक’ निवडावे. तेथे मागील वेळेनंतरचे फक्त बदल आणण्याचा चौकोन आधीच निवडलेला असतो, तो तसाच ठेवावा; त्याने काम झाले नाही, तरच खूण काढून पूर्ण प्रत आणावी. डाउनलोड झाल्यावर आउटलुक एकदा बंद करून उघडावे. मात्र हे बटण सर्व्हरने शेवटी तयार केलेली प्रतच आणते. सोमवारी दुपारी बारा वाजता, सर्व्हरवर नवी प्रत तयार झालेली नसताना, ते दहा वेळा दाबले तरी जुनीच माहिती येईल. सर्व्हर कंपनीचा स्वतःचा असेल, तर आयटी विभाग आज्ञा देऊन नवी प्रत लगेच तयार करवू शकतो. क्लाउडवरील मेलमध्ये ती आज्ञा ग्राहकाला उपलब्ध नाही, तेथे वाट पाहावी लागते.

डाउनलोड करताना ०एक्स८००४०१०एफ असा क्रमांक आला, तर मात्र तो उशीर नसून खरा बिघाड आहे. ॲड्रेस बुकची प्रत जिथे असायला हवी, तिथे ती आउटलुकला सापडत नाही, असा त्याचा अर्थ. तो क्रमांक जसाच्या तसा आयटी विभागाला कळवावा.

आउटलुक काढून पुन्हा टाकल्याने ॲड्रेस बुकच्या फाइल्स सहसा जातही नाहीत, कारण त्या वापरकर्त्याच्या खात्यातील वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्या फाइल्सच खराब झाल्याची शंका असेल, तर आउटलुक बंद करून ‘ऑफलाइन ॲड्रेस बुक्स’ या फोल्डरचे नाव बदलावे, म्हणजे पुढच्या वेळी पूर्ण प्रत नव्याने उतरेल आणि जुनीही हाताशी राहील. हे आयटी विभागाला विचारूनच करावे, कारण एका शाखेतील सगळ्यांनी एकाच सकाळी पूर्ण प्रत उतरवायला घेतली, तर तिथल्या इंटरनेटवर ताण येतो.

आपण मनुष्यबळ विभागात आहात, म्हणून एक सुचवतो. सोमवारी रुजू होणाऱ्यांच्या नोंदी आयटी विभागाकडून शुक्रवारी संध्याकाळीच बदलून घ्याव्यात. शनिवार-रविवारी सर्व्हरवर नवी प्रत तयार होते, आणि सोमवारी सकाळी आउटलुक उघडेल तेव्हा बहुतेकांचे २४ तास उलटलेले असल्याने नवी माहिती आपोआप उतरते.

प्रश्न : आमच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना सल्लागार म्हणून परत घेतले आहे. त्यांचा ईमेल पत्ता पूर्वीचाच आहे. बाहेरच्या लोकांचे मेल त्यांना मिळतात, पण आम्ही पाठवलेले मेल परत येतात. ॲड्रेस बुक दोन वेळा डाउनलोड करूनही फरक पडला नाही.

उत्तर : येथे ॲड्रेस बुक दोषी नाही. निवृत्तीनंतर त्यांचे खाते काढून टाकले असावे आणि आता त्याच पत्त्याचे नवे खाते तयार केले असावे. कंपनीच्या आतल्या आत मेल पाठवताना आउटलुक केवळ ईमेल पत्ता वापरत नाही, प्रत्येक खात्याची एक अंतर्गत ओळख वापरते, आणि नव्या खात्याची ओळख वेगळी असते. ‘टू’ रकान्यात पहिली दोन-तीन अक्षरे लिहिताच आउटलुक जे नाव सुचवते, त्यात जुनीच ओळख साठवलेली असते. परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएईएक्स’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल, तर निदान पक्के समजावे.

सुचवलेल्या नावापुढील फुलीवर क्लिक करून ती नोंद काढावी आणि नाव ॲड्रेस बुकमधून नव्याने निवडावे. त्यांच्या जुन्या मेलना उत्तर दिले, तरी तीच अडचण येईल. म्हणून कायमचा उपाय आयटी विभागाने करणे श्रेयस्कर : जुनी अंतर्गत ओळख ‘एक्स५००’ प्रकारचा जादा पत्ता म्हणून नव्या खात्याला जोडली, की कार्यालयातील सर्वांची अडचण एकाच वेळी मिटते.

प्रश्न : नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे नाव माझ्या ॲड्रेस बुकमध्ये अजून दिसते. विभागाच्या ग्रुपवर पाठवलेली गोपनीय माहिती त्यांना जात तर नसेल?

उत्तर : कंपनीच्या ग्रुपमधून त्यांचे नाव काढले असेल, तर जाणार नाही. ग्रुपमध्ये कोण आहे हे मेल पाठवल्यावर सर्व्हर स्वतःच्या यादीवरून ठरवतो. आपल्या संगणकावरील जुन्या प्रतीचा त्याच्याशी संबंध नसतो. आपली काळजी दोन ठिकाणी मात्र रास्त आहे. स्वतःच्या कॉन्टॅक्ट्समध्ये बनवलेला खासगी ग्रुप आपोआप बदलत नाही, त्यातून नाव आपणच काढावे लागते. तसेच ‘टू’ रकान्यात ग्रुपच्या नावाजवळील अधिकचे चिन्ह दाबून तो उलगडला, की त्या क्षणीची नावे सुटी होऊन मेलमध्ये उतरतात. असा मेल ड्राफ्टमध्ये पडून राहिला असेल किंवा त्यातली नावे आपण दर महिन्याला नव्या मेलमध्ये उचलून टाकत असाल, तर सोडून गेलेली व्यक्तीही त्या यादीत राहते. तो ड्राफ्ट आजच उघडून पाहावा.