ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असलेल्या बहिणीच्या पायात रक्ताची गुठळी झाली. पुढे खर्च कशाकशाचा येतो?

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची गोळी स्वस्तच असते. खिसा रिकामा होतो तो पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणाऱ्या) तपासणीने, आणि गुठळी फुप्फुसात गेलीच तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) नि आयसीयूने. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (गुठळ्यांचा धोका वाढवणारी प्रथिनं) निघाल्या तर औषध बहुधा जन्मभर, म्हणून त्या तपासणीत काटकसर नकोच. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी परत करतात. या तपासणीतल्या तिन्ही प्रकारच्या अँटिबॉडीज पॉझिटिव्ह असतील तर आयएनआरचा खर्च वाचावा म्हणून रिव्हारोक्साबॅन (रक्त पातळ ठेवणारं, पण आयएनआर न लागणारं औषध) मागू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना त्यावर वॉरफरिनपेक्षा जास्त त्रास झाला, स्ट्रोकसुद्धा. मेथी-पालकाने वॉरफरिनच्या परिणामात फरक पडतो, तरी ते बंद नको, फक्त प्रमाण सारखं ठेवा. अचानक दम लागला तर पैशांचा विचार न करता लगेच हॉस्पिटल गाठा.