परिक्रमेला निघण्याआधी

रामबाग, इंदूर
घटस्थापना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

कार्तिकी एकादशी झाली की तू ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघणार, दक्षिण तटाने समुद्राकडे आणि सगळं पायी, हे तुझ्या आईकडून कळलं. मला मनापासून आनंद झाला. काळजीही वाटली, कारण गेली कितीतरी वर्षं कार्तिक-मार्गशीर्षात ओंकारेश्वरजवळच्या मोरटक्क्याच्या आसपास आमची तपासणी शिबिरं भरतात आणि तिथे परिक्रमावासींचे पाय मांडीवर घेऊन मी बसत आले आहे. श्रद्धेबद्दल मी तुला काही सांगणार नाही. शरीराबद्दल सांगते, ते नीट वाच.

तू केलेलं वेळापत्रक आईने मला दाखवलं. रोज पंचवीस किलोमीटर, मधे एकही दिवस मोकळा नाही आणि गुढीपाडव्याला घरी. बाळा, हे वेळापत्रक फाडून टाक. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले की दुप्पट, आणि सरदार सरोवर, इंदिरा सागर, बरगी या जलाशयांमुळे वाट काठ सोडून लांबून जाते, म्हणजे प्रत्यक्ष चाल त्याहून बरीच जास्त होते. तुझी नोकरी बसून करायची. पहिले दहा-बारा दिवस बारा-पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ नकोस. चालून चालून दमसास लवकर वाढतो, पण घोट्याचे आणि गुडघ्याचे स्नायुबंध तयार व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात माणसाला एकदम जोर आल्यासारखं वाटतं आणि नेमकं तेव्हाच पाय दुखावतो.

जुन्या रीतीची परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. चातुर्मासात चालायचंच नाही, एका जागी आसन लावून राहायचं. हा नियम ज्यांनी घालून दिला त्यांना पूर, चिखल, पावसाळ्यातले ताप सगळं ठाऊक होतं. मुक्कामाचे दिवस त्यांनी परिक्रमेतून वजा केले नाहीत, तिच्यातच मोजले. माझं तुला सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. थांबायचं ते दुखणं लहान असताना थांब. अर्ध्या दिवसाच्या विश्रांतीने जे भागतं त्यासाठी पुढे पंधरा दिवस अंथरुणात काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायांचंच बघ. एका मुलाने शिबिरात मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्याबरोबर सोलून आली. खाली लाल मांस, त्यात वाळूचे कण. वय पंचविशीचं, प्रकृती धडधाकट. मी विचारलं, हे सुरू कधी झालं? म्हणाला, चार दिवसांपूर्वी नुसती आग होत होती. त्या आगीच्या वेळी पाच मिनिटं बसून बूट काढले असते तर पुढचं काही झालं नसतं. म्हणून नियम कर: पायात कुठेही गरम लागलं, चुरचुरलं की तिथल्या तिथे बसायचं. मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा, त्या जागेवर मायक्रोपोरची कागदी पट्टी सुरकुती न पडू देता लावायची. सोबतचे पुढे गेले तर जाऊ देत, संध्याकाळी गाठ पडतेच. फोड आलाच तर त्याची कातडी कधीही कापू नकोस, तेच सगळ्यात चांगलं झाकण आहे. फार ताणला असेल तर जंतुरहित सुईने कडेला टोचून पाणी काढ आणि वरून स्वच्छ पट्टी बांध. भोवती लाली पसरायला लागली, पू दिसला किंवा ताप आला तर मात्र चालणं बंद आणि डॉक्टर गाठायचा.

बूट एक नंबर मोठे घे, दिवसभर चालून पाय सुजतात. नवेकोरे बूट घालून निघू नकोस. आजपासून सकाळी तेच बूट घालून चालायला लाग, पाठीवर सामान घेऊन. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा खेळाडू वापरतात तसले तीन जोड पुरेत. नखं सरळ काप, कोपरे गोल करू नकोस. काहीजण अनवाणी चालायचा संकल्प करतात. तुझ्या मनात तसं असेल तर मला आधी सांग. शेतांच्या कडेला बाभळीचा काटा चप्पल भेदून आत जातो आणि त्याचं टोक मोडून आत राहिलं की महिनाभर पुरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर निघण्याआधी घ्यायचंच.

आता पाणी. मैय्याचं पाणी उकळून प्यायचं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं तुला वाटेवर कोणीतरी नक्की म्हणेल. आपण इंदूरचे लोक कितीतरी वर्षं नर्मदेचंच पाणी पितो आहोत. ते जलूदहून येतं, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, आणि गाळून, क्लोरीन घालूनच नळाला सोडतात. त्याने तिचा मान कमी झाला नाही. आचमन जरूर कर, स्नान कर, पण तहान भागवायचं पाणी शुद्ध करून पी. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवलं की पुरतं. उकळायची सोय नसेल तिथे क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ, बहुतेक अर्धा तास, थांबायचं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण जंतू मरतात असं समजू नकोस. हापशाचं पाणी बहुतेकदा नदीपेक्षा बरं, पण हापशाभोवती डबकं आणि गुरं असतील तर तेही शुद्ध कर.

जुलाब एकदा तरी होतीलच. घाबरायचं नाही आणि चालायचंही नाही. ओआरएसचं पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. हे साधं वाटतं म्हणून लोक त्याला औषधच मानत नाहीत. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. मी शिकत होते तेव्हापासून आजतागायत याहून मोठं काम इतक्या स्वस्त वस्तूने केलेलं मला माहीत नाही. मात्र शौचात रक्त, बरोबर ताप, किंवा आठ-दहा तास लघवीच नाही, अशी वेळ आली तर दवाखाना. जुलाब अडवणारी गोळी रक्त किंवा ताप असताना घ्यायची नाही.

एक गोष्ट तुझी आई तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. वाटेवर आडोसा मिळत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. शिबिरात दरवर्षी तेच. एक मुलगी सकाळी निघताना कपभर चहा आणि मुक्कामाला पोचल्यावर तांब्याभर पाणी, एवढ्यावर आठवडाभर चालली होती. लघवीला आग, मग थंडी वाजून ताप, मग कमरेच्या वर एका बाजूला दुखणं. म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलेला. तिला इंदूरला आणून दाखल करावं लागलं. लाजू नकोस. एक जुनी साडी किंवा मोठी ओढणी सोबत ठेव, दुसऱ्या बाईला धरायला सांग. वाटेवरच्या बायका हे काम आनंदाने करतात, सांगावंही लागत नाही. नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून पलीकडच्या मिठी तलाईला जाताना नावेत काही तास जातात, म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी सोडणाऱ्याही भेटतील. तू तसं करू नकोस. घोट घोट पीत राहा आणि नावेत बसण्यापूर्वी जाऊन ये. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, एवढी खूण लक्षात ठेव. पाळीच्या दिवसांत पहिला किंवा दुसरा दिवस मुक्कामाचा धर. काही आश्रमांत देवळाजवळ थांबू देत नाहीत, तेव्हा ती तारीख जवळ आली की गावातल्या एखाद्या घराची सोय आधी विचारून ठेव.

दुखतं म्हणून रोज गोळी खायची सवय मात्र लावून घेऊ नकोस. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करतात आणि रिकाम्या पोटी जठराला. वर दुखणं झाकलं जातं आणि दुखावलेल्या पायावर माणूस चालतच राहतो. एखाद्या रात्री पॅरासिटामॉल घे. दुसऱ्या दिवशीही लागली तर तो दिवस मुक्कामाचा.

ताप आला की तपासणी, अंदाज नाही. बडवानीची डोंगरपट्टी, मंडला, दिंडोरी, या भागांत मलेरियाने लोकांना पिढ्यान्पिढ्या छळलं आहे. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी गावातल्या आशाताईला, म्हणजे आरोग्यसेविकेला, शोध. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारी पट्टी तिच्याकडे असते आणि पैसे लागत नाहीत. डेंग्यूचाही संशय असतोच, म्हणून तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी घ्यायची नाही. मच्छरदाणी वजनाला जड वाटेल, तरी ने. अंथरुणाच्या कडांखाली चारी बाजूंनी नीट खोचून झोप. धर्मशाळेत जमिनीवर झोपताना ती डासच नाही, मण्यारही अडवते. मण्यार रात्री चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होऊन मिटायला लागणं, अशी सुरुवात होते. असं कोणालाही झालं तर मंत्र, चिरा, घट्ट दोरी काही नाही. हातपाय न हलवू देता सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात न्यायचं. बडवानीला जिल्हा रुग्णालय आहे, पुढे शूलपाणीच्या झाडीत महाराष्ट्राच्या हद्दीत धडगावला ग्रामीण रुग्णालय आहे. झाडीत शिरण्याआधी ही ठिकाणं कागदावर लिहून ठेव, फोनला तिथे रेंजचा भरवसा नाही.

कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरची लावायची नाही. त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत देत असतील तर चौदाव्या दिवशी आणखी एक असतं. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते स्वतः होऊन विचार. सरकारी दवाखान्यात हे मोफत मिळतं. तू चालत पुढे जाणार, तेव्हा प्रत्येक डोस वेगळ्या गावात पडेल. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जप. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. इथे उद्यावर ढकलणं नाही.

आणि यातूनच ती गोष्ट येते जिच्यावर तुझं आणि माझं कदाचित जमणार नाही. उपचार पलीकडच्या तटावर जवळ असेल आणि अलीकडे शंभर किलोमीटरवर, तर तू काय करशील? नदी ओलांडली की परिक्रमा खंडित होते, हे मलाही माहीत आहे. माझं मत स्पष्ट आहे. पूल ओलांड. परिक्रमा पुन्हा उचलता येते. घरचे आणि सोबतचे यांना हे आत्ताच सांगून ठेव, कारण विष अंगात भिनलेलं असताना किंवा तापात बरळत असताना तुझा निर्णय दुसऱ्याला घ्यावा लागेल, आणि तुझा संकल्प मोडायचं पाप नको म्हणून ते कचरतील.

खाण्याची चिंता फारशी नाही. सदाव्रतात पीठ, डाळ, तांदूळ मिळतं, आश्रमात टिक्कड (जाड रोट्या) आणि डाळ पोटभर वाढतात. कमी पडतात ती प्रथिनं आणि फळं. पिशवीत फुटाणे, शेंगदाणे, गूळ असू दे. काठावरच्या गावांत हिवाळ्यात पेरू-बोरं मिळतात, ती धुऊन खा. गावोगाव गोड चहा देतील. प्रेमाने देतात, पण जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आता लगेच करायचं ते. रेबीजची आधीची लस हवी असेल तर तिला तीन-चार आठवडे लागतात, टायफॉइडची निघण्याच्या दोन आठवडे आधी तरी झालेली बरी. म्हणून दिवाळीची वाट बघू नकोस. येत्या रविवारी सकाळी पोहे खायला ये. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आण, दात दाखवून झाले असतील तर तेही सांग, आणि निघताना घालणार आहेस ते बूट पायात घालूनच ये. मला ते बघायचे आहेत.

तुझी डॉक्टरमावशी